अल्झायमर : जनुके तीच, वाचन बदललेले

बंगळुरू शहरातील कोरमंगल भागातून आग्नेयेकडे जाणारा सर्जापूर रोड हा एकेकाळी तलावांच्या काठाकाठाने लहान खेड्यांना जोडणारा मार्ग होता. गेल्या पंचवीस वर्षांत त्याच्या दुतर्फा माहिती तंत्रज्ञान कंपन्यांची कार्यालये आणि उंच निवासी संकुले उभी राहिली. विप्रो कंपनीचे मुख्यालय याच मार्गावर दोड्डकन्नेल्ली येथे आहे. नोकरीनिमित्त येथे स्थायिक झालेल्यांत मराठी कुटुंबेही आहेत आणि त्यांच्यामागोमाग त्यांचे वृद्ध आईवडीलही येथे आले आहेत. अशा एखाद्या घरातील ज्येष्ठ व्यक्तीला अल्झायमरचे निदान झाले की पुढची पिढी डॉक्टरांना बहुधा एकच प्रश्न विचारते : हा आजार आनुवंशिक आहे काय?

या प्रश्नाचे उत्तर 'होय' किंवा 'नाही' अशा एका शब्दात देता येत नाही, असे आधुनिक संशोधन सांगते. बहुसंख्य रुग्णांच्या मेंदूत जनुके नष्ट झालेली नसतात. कोणते जनुक केव्हा कार्यरत व्हावे आणि केव्हा शांत राहावे, याचे नियमन मात्र बिघडलेले असते. हे नियमन कसे चालते, ते कोणत्या पेशींत कोणत्या क्रमाने ढासळते आणि ते पूर्ववत करता येईल काय, हा आज मेंदूविज्ञानातील एक महत्त्वाचा विषय बनला आहे. या शोधाची एक वाट बंगळुरूतूनच जाते. तिच्यापुढील मुख्य अडथळा प्रयोगशाळेतील नसून समाजातील आहे.

आजाराचे स्वरूप

जर्मन मनोविकारतज्ज्ञ अलॉइस अल्झायमर यांनी १९०१ साली फ्रँकफर्ट येथील रुग्णालयात ऑगस्टे डेटर या ५१ वर्षांच्या महिलेची तपासणी केली. तिची स्मृती, भाषा आणि दिशांचे भान झपाट्याने लोप पावत होते. १९०६ साली तिचा मृत्यू झाल्यावर अल्झायमर यांनी तिच्या मेंदूचे सूक्ष्मदर्शकाखाली परीक्षण केले. पेशींबाहेर साचलेले चट्टे आणि पेशींच्या आत तयार झालेले तंतूंचे गुंते त्यांना आढळले. त्याच वर्षी ३ नोव्हेंबर रोजी ट्युबिंगेन येथील सभेत त्यांनी हे निष्कर्ष मांडले. १९१० साली एमिल क्रेपेलिन यांनी आपल्या पाठ्यपुस्तकात या आजाराला अल्झायमर यांचे नाव दिले.

हे चट्टे 'अमायलॉइड बीटा' या प्रथिनखंडाचे आणि गुंते 'टाऊ' या प्रथिनाचे असतात, हे १९८० च्या दशकात स्पष्ट झाले. स्मृतिभ्रंश ही अनेक कारणांनी उद्भवणारी अवस्था असून अल्झायमर हे तिचे सर्वाधिक आढळणारे कारण आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीवर आधारित अंदाजानुसार भारतातील ६० वर्षांवरील ७.४ टक्के व्यक्तींना, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे. हे प्रमाण पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरांपेक्षा ग्रामीण भागात अधिक आढळले.

आनुवंशिकतेचे दोन प्रकार

अल्झायमरचा जनुकांशी असलेला संबंध दोन प्रकारचा आहे. पहिला प्रकार दुर्मिळ आहे. एपीपी, प्रेसेनिलिन १ आणि प्रेसेनिलिन २ या तीनपैकी एखाद्या जनुकात विशिष्ट दोष असल्यास आजार बहुधा वयाच्या साठीपूर्वीच सुरू होतो आणि अपत्याकडे तो दोष जाण्याची शक्यता ५० टक्के असते. ही जनुके १९९१ ते १९९५ या काळात ओळखली गेली. एकूण रुग्णांत अशा कुटुंबांचे प्रमाण अत्यल्प आहे.

दुसरा प्रकार उतारवयात सुरू होणाऱ्या आजाराचा असून बहुतेक रुग्ण याच गटात मोडतात. येथे जनुके आजार ठरवीत नाहीत, केवळ धोका कमीअधिक करतात. त्यांतील सर्वांत प्रभावी जनुक म्हणजे एपीओई. मेंदूत चरबी व कोलेस्टेरॉल यांची वाहतूक करणारे प्रथिन या जनुकापासून तयार होते. त्याचे तीन मुख्य प्रकार असून त्यांपैकी ई४ हा प्रकार धोका वाढवितो, हे १९९३ साली अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखविले. तथापि ई४ असलेल्या अनेकांना आजार कधीच होत नाही आणि तो नसलेल्या अनेकांना होतो. हरियाणातील बल्लभगड येथील ग्रामीण लोकसंख्येत ई४ चे प्रमाण अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातील तुलनागटापेक्षा कमी असल्याचे २००० साली प्रसिद्ध झालेल्या भारत-अमेरिका संयुक्त अभ्यासात दिसून आले.

पुढे लाखो व्यक्तींच्या जनुकीय माहितीची तुलना करण्यात आली. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका व्यापक अभ्यासात धोक्याशी संबंधित ७५ जागा निश्चित करण्यात आल्या. त्यांतून एक अनपेक्षित बाब ठळक झाली. यांपैकी बहुतेक बदल प्रथिन तयार करणाऱ्या भागांत नाहीत. ते जनुकांच्या मधल्या, पूर्वी निरुपयोगी समजल्या गेलेल्या पट्ट्यांत आहेत. याच पट्ट्यांत जनुकांचे नियमन करणारे घटक असतात.

पोथी एकच, वाचन वेगळे

मानवी शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशीत सुमारे ३ अब्ज अक्षरांचा एकच डीएनए असतो. त्यात प्रथिने तयार करणारी सुमारे २० हजार जनुके आहेत आणि त्यांचा प्रत्यक्ष वाटा एकूण डीएनएच्या दोन टक्क्यांहूनही कमी आहे. यकृतातील पेशी आणि मेंदूतील पेशी यांच्याजवळ पोथी एकच असते. मात्र प्रत्येक पेशी त्यातील वेगवेगळी पाने उघडते.

पान उघडण्याची ही क्रिया अनेक स्तरांवर चालते. एका पेशीतील डीएनए सरळ पसरला तर त्याची लांबी सुमारे दोन मीटर भरेल. तो हिस्टोन नावाच्या प्रथिनांभोवती गुंडाळून पेशीकेंद्रात बसविलेला असतो. पोथी बासनात घट्ट बांधून ठेवावी, तसे काही भाग आवळलेले असतात आणि ते वाचता येत नाहीत. हिस्टोनवर ॲसिटिल हा रासायनिक गट जोडला गेला की ती गाठ सैल होते व तेथील जनुक वाचले जाऊ शकते. हे गट काढून टाकणारी विकरेही पेशीत असतात. याखेरीज डीएनएवर मिथिल हा गट बसून काही जनुके दीर्घकाळ शांत ठेवली जातात.

जनुकापासून दूर असलेले काही पट्टे त्या जनुकाचे कार्य वाढवितात. त्यांना संवर्धक असे म्हणता येईल. डीएनएची घडी अशा प्रकारे पडते की दूरचा संवर्धक आपल्या जनुकाजवळ येतो. विशिष्ट नियामक प्रथिने तेथे बसतात आणि जनुकाची आरएनए प्रत तयार होऊ लागते. संवर्धकांचा हा संच प्रत्येक पेशीप्रकारात निराळा असतो. पेशीला तिची ओळख मिळते ती याच संचामुळे.

पेशीनिहाय चित्र

मानवी मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी असतात आणि त्यांना आधार देणाऱ्या अन्य पेशींची संख्याही साधारण तितकीच असते. त्यांत पोषण व रासायनिक समतोल सांभाळणाऱ्या तारकापेशी, चेतातंतूंवर मायलिनचे आवरण चढविणाऱ्या पेशी आणि मेंदूची संरक्षणव्यवस्था असलेल्या मायक्रोग्लिया यांचा समावेश होतो. पूर्वी संशोधक मेंदूचा तुकडा एकत्र दळून त्यातील आरएनए मोजत असत. त्यात सर्व पेशींचे संदेश मिसळून जात आणि कोणता बदल कोणत्या पेशीत झाला, हे कळत नसे.

प्रत्येक पेशीकेंद्र स्वतंत्रपणे वाचण्याचे तंत्र उपलब्ध झाल्यावर ही अडचण दूर झाली. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील ली-हुए त्साई व मानोलिस केलिस यांच्या गटांनी २०१९ साली ४८ मृत व्यक्तींच्या मेंदूतील कपाळामागच्या भागातून मिळविलेल्या ८०,६६० पेशीकेंद्रांचे विश्लेषण प्रसिद्ध केले. यांपैकी निम्म्या व्यक्तींच्या मेंदूत अल्झायमरची लक्षणीय विकृती होती. आजाराच्या आरंभी प्रत्येक पेशीप्रकारात होणारे बदल वेगवेगळे असतात, असे त्यात दिसून आले. पुढील अवस्थेत मात्र बिघडलेल्या प्रथिनांना तोंड देण्याशी संबंधित जनुके बहुतेक सर्व पेशींत एकदमच वाढतात. मायलिन आवरणाशी संबंधित जनुकांतील बिघाडही अनेक पेशीप्रकारांत आढळला. स्त्री आणि पुरुष यांच्या पेशींच्या प्रतिसादातही फरक होता.

सिॲटल येथील ॲलन संस्थेच्या पुढाकाराने ८४ दात्यांच्या मेंदूंवर झालेला अभ्यास २०२४ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार आजाराचे दोन टप्पे संभवतात. पहिला टप्पा संथ व मूक असतो. त्यात मायक्रोग्लिया दाहकारक बनतात आणि सोमॅटोस्टॅटिन तयार करणाऱ्या, इतर पेशींना आवर घालणाऱ्या चेतापेशी कमी होऊ लागतात. या काळात व्यक्तीची स्मृती बऱ्याच अंशी शाबूत असते. दुसऱ्या टप्प्यात चट्टे व गुंते वेगाने वाढतात आणि लक्षणे उघड होतात. कुटुंबाच्या लक्षात आजार येतो तोपर्यंत पेशींतील बदल बरेच पुढे गेलेले असतात, असा याचा अर्थ होतो.

एक संवर्धक, एक पेशीप्रकार

नियमनातील बदल आणि आजाराचा धोका यांची सांगड कशी घालता येते, याचे बोलके उदाहरण म्हणजे बीआयएन१ हे जनुक. एपीओईनंतर अल्झायमरच्या धोक्याशी ठळकपणे जोडल्या गेलेल्या जनुकांत त्याची गणना होते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो येथील संशोधकांनी २०१९ साली मेंदूतील निरनिराळ्या पेशींतील संवर्धकांचे नकाशे तयार केले. बीआयएन१ चा धोकादायक बदल ज्या संवर्धकात आहे, तो मायक्रोग्लियामध्येच कार्यरत असल्याचे आढळले. मूलपेशींपासून प्रयोगशाळेत तयार केलेल्या पेशींतून हा संवर्धक कापून टाकल्यावर मायक्रोग्लियातील बीआयएन१ जवळजवळ बंद पडले. चेतापेशी आणि तारकापेशी यांतील त्याचे कार्य मात्र चालू राहिले.

मायक्रोग्लियाचे महत्त्व यापूर्वीही सूचित झाले होते. या पेशींच्या पृष्ठभागावरील ट्रेम२ या प्रथिनाच्या जनुकातील दुर्मिळ बदलामुळे धोका वाढतो, हे २०१३ साली स्पष्ट झाले. अल्झायमर हा केवळ चेतापेशींचा आजार नसून मेंदूच्या संरक्षणव्यवस्थेचाही आजार आहे, हा विचार त्यानंतर अधिक दृढ झाला.

नियंत्रणाची झीज

नियमन ढासळते म्हणजे नेमके काय होते, याविषयी गेल्या दशकात अनेक दुवे हाती आले आहेत. २०१२ साली त्साई यांच्या गटाने दाखविले की अल्झायमरग्रस्त मेंदूत एचडीएसी२ या विकराचे प्रमाण वाढते. ते हिस्टोनवरील ॲसिटिल गट काढून टाकते आणि त्यामुळे शिकण्याशी व स्मृतीशी निगडित जनुके आवळली जातात. उंदरांमध्ये या विकराचे प्रमाण घटविल्यावर स्मृतीत सुधारणा दिसली. ही जनुके नष्ट झालेली नव्हती, केवळ बंदिस्त झाली होती, हे या प्रयोगातून सूचित झाले.

२०१४ साली हार्वर्ड विद्यापीठातील ब्रूस यांकनर यांच्या गटाने रेस्ट या नियामक प्रथिनाचा अभ्यास प्रसिद्ध केला. निरोगी वार्धक्यात चेतापेशींमध्ये रेस्टचे प्रमाण वाढते आणि पेशींचा मृत्यू घडविणारी जनुके त्यामुळे शांत राहतात. अल्झायमरमध्ये ते पेशीकेंद्रातून नाहीसे होते. २०१८ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील संशोधकांनीही अशीच विसंगती नोंदविली. वयानुसार वाढणारी हिस्टोनवरील एक विशिष्ट खूण अल्झायमरच्या रुग्णांत उलट कमी झालेली आढळली. अल्झायमर म्हणजे वेगाने आलेले म्हातारपण, हा समज या निष्कर्षांशी जुळत नाही. वार्धक्यात मेंदू स्वतःचे रक्षण करण्यासाठी जे बदल घडवितो, ते येथे अपुरे पडतात असे दिसते.

सप्टेंबर २०२३ मध्ये केलिस व त्साई यांच्या गटांचे चार शोधनिबंध एकत्र प्रसिद्ध झाले. त्यांपैकी एकात ४२७ व्यक्तींच्या मेंदूंतील सुमारे २३ लाख पेशीकेंद्रांचे आणि दुसऱ्यात ९२ व्यक्तींच्या सुमारे साडेआठ लाख पेशीकेंद्रांचे विश्लेषण आहे. आजार बळावतो तशी पेशींतील उघडी व बंद पाने यांमधील सीमारेषा पुसट होत जाते, असे त्यातून दिसून आले. बंद राहायला हवे ते भाग उघडतात, उघडे असायला हवेत ते मिटतात आणि पेशी आपली ओळख गमावू लागते. २०२५ साली याच गटांनी १११ व्यक्तींच्या मेंदूच्या ६ भागांतील सुमारे ३५ लाख पेशींचा नकाशा प्रसिद्ध केला. त्यातही नियंत्रणाची ही झीज आणि बुद्धिक्षमतेचा ऱ्हास यांचा संबंध आढळला. चट्टे असूनही ज्यांची स्मृती टिकून होती, अशा व्यक्तींच्या पेशींत हे नियंत्रण अधिक चांगले राखले गेले होते.

येथे एक मर्यादा नमूद करणे आवश्यक आहे. मृत्यूनंतर तपासलेला मेंदू हे एका क्षणाचे छायाचित्र असते. नियमनातील बिघाडामुळे आजार झाला की आजारामुळे नियमन बिघडले, हे त्यावरून निश्चित सांगता येत नाही. टाऊ प्रथिनामुळेच डीएनएची घट्ट घडी सैल होते, असे २०१४ साली फळमाश्यांवरील प्रयोगांत दिसून आले होते. त्यामुळे कारण आणि परिणाम यांचे चक्र असण्याचीही शक्यता आहे.

बंगळुरूतील संशोधन

सर्जापूर रोडच्या कोरमंगल टोकाला १९६३ साली स्थापन झालेले सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालय आहे. तेथून काही किलोमीटर अंतरावर होसूर रोडवर राष्ट्रीय मानसिक आरोग्य व चेताविज्ञान संस्था, म्हणजे निम्हान्स आहे. शहराच्या उत्तरेला भारतीय विज्ञान संस्था, राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र आणि मूलपेशी संशोधन करणारी इनस्टेम या संस्था आहेत. मेंदूविषयक संशोधनाचे इतके घनदाट जाळे देशातील फार थोड्या शहरांत आढळते.

भारतीय विज्ञान संस्थेच्या परिसरातील मेंदू संशोधन केंद्र हे वार्धक्य आणि स्मृतिभ्रंश यांवरच लक्ष केंद्रित करते. इन्फोसिसचे सहसंस्थापक क्रिस गोपालकृष्णन यांच्या अर्थसाहाय्याने उभारलेल्या त्याच्या इमारतीचे उद्घाटन पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते २० जून २०२२ रोजी झाले. कोलार जिल्ह्यातील श्रीनिवासपूर तालुक्यातील खेड्यांत ४५ वर्षांवरील सुमारे १० हजार व्यक्तींचा दीर्घकालीन अभ्यास हा या केंद्राचा प्रमुख प्रकल्प आहे. त्याला समांतर असा एक अभ्यास टाटा ट्रस्ट्सच्या साहाय्याने बंगळुरू शहरातील रहिवाशांवर केला जातो. रक्ततपासणी, मेंदूचे स्कॅन, स्मृतीच्या चाचण्या आणि जनुकीय विश्लेषण यांची नोंद वर्षानुवर्षे ठेवून, आजार होण्यापूर्वी काय बदलते हे पाहण्याचा यामागे उद्देश आहे. देशातील २० संस्थांनी मिळून सुमारे १० हजार भारतीयांचा जनुकसंच वाचला, त्या जीनोमइंडिया प्रकल्पाचे समन्वयनही याच केंद्राकडे होते. ही माहिती जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांना उपलब्ध करून देण्यात आली.

जनुकाची आरएनए प्रत तयार झाली तरी तिच्यापासून प्रथिन तयार होणे हा नियमनाचा पुढचा टप्पा असतो. बंगळुरूतील रवी मुद्दशेट्टी यांच्या गटाने २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनानुसार, एपीओई ई४ च्या संपर्कात आलेल्या चेतापेशींमध्ये कॅल्शियमचा समतोल बिघडतो आणि त्यामुळे प्रथिननिर्मिती मंदावते. ई४ मुळे धोका का वाढतो, याचे एक संभाव्य स्पष्टीकरण त्यातून मिळते.

निम्हान्स, राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र आणि इनस्टेम यांनी २०१६ साली एक संयुक्त कार्यक्रम हाती घेतला. ज्या कुटुंबांत मानसिक विकार किंवा स्मृतिभ्रंश असलेल्या एकाहून अधिक व्यक्ती आहेत, त्यांच्या रक्तपेशींपासून मूलपेशी तयार करण्यात येतात. त्या मूलपेशींपासून प्रयोगशाळेत चेतापेशी वाढवून, एकाच घरातील आजारी आणि निरोगी व्यक्तींच्या पेशींची तुलना करता येते. कारण कोणते आणि परिणाम कोणता, हे उलगडण्यासाठी जिवंत पेशींवरील असे प्रयोग उपयुक्त ठरतात. तथापि प्रयोगशाळेतील पेशी काही महिन्यांच्या असतात. सत्तर वर्षांचे आयुष्य जगलेल्या मेंदूची जागा त्या घेऊ शकत नाहीत.

मेंदूदानाचा प्रश्न

वर उल्लेखिलेल्या अमेरिकेतील अभ्यासांपैकी अनेक अभ्यास शिकागो येथील रश विद्यापीठाच्या दोन प्रकल्पांवर आधारलेले आहेत. त्यांपैकी पहिला १९९४ साली सुरू झाला. कॅथॉलिक जोगिणी, धर्मगुरू आणि धर्मबंधू यांनी दरवर्षी स्मृतीच्या चाचण्या देण्याचे आणि मृत्यूनंतर मेंदूदान करण्याचे मान्य केले. १९९७ साली सुरू झालेल्या दुसऱ्या प्रकल्पात सामान्य नागरिक सहभागी झाले. हयातीत नोंदविलेली बुद्धिक्षमता आणि मृत्यूनंतर पेशींत आढळलेले नियमन यांची तुलना त्यामुळेच शक्य झाली. मात्र या दात्यांत युरोपीय वंशाच्या व्यक्तींचे प्रमाण फार मोठे आहे.

संवर्धकांतील बदल लोकसमूहागणिक वेगळे असू शकतात. आहार, मधुमेह, संसर्ग, शिक्षण आणि प्रदूषण यांचाही पेशींच्या नियमनावर परिणाम संभवतो. शिकागो अथवा सिॲटल येथील मेंदूंवरून काढलेले निष्कर्ष कर्नाटकातील किंवा महाराष्ट्रातील रुग्णांना जसेच्या तसे लागू पडतील, असे गृहीत धरता येत नाही. मुंबईतील शवविच्छेदनांवर आधारित एक अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. त्यात तेथील वृद्धांच्या मेंदूतही अल्झायमरचे वैशिष्ट्यपूर्ण चट्टे व गुंते आढळले. परंतु चट्टे दिसणे आणि पेशीनिहाय नियमन वाचणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. दुसरीसाठी योग्य प्रकारे जतन केलेले मेंदू मोठ्या संख्येने लागतात.

निम्हान्समध्ये १९९५ साली मेंदूपेढी स्थापन झाली. ती भारतातील अशा प्रकारची पहिली पेढी होय. मृत्यूनंतर पेशींतील आरएनए लवकर विघटित होऊ लागत असल्याने मेंदू काही तासांच्या आत काढून अतिशीत तापमानात ठेवावा लागतो. त्यासाठी कुटुंबाने आधीच विचार करून संमती दिलेली असणे महत्त्वाचे ठरते. मेंदू काढल्यानंतर चेहरा विद्रूप होत नाही आणि अंत्यदर्शन व अंत्यसंस्कार नेहमीप्रमाणे करता येतात. नेत्रदानाविषयी महाराष्ट्रात व कर्नाटकात बरीच जागृती झाली असली तरी मेंदूदान हा शब्दही अनेकांना अपरिचित आहे. केवळ रुग्णांचेच नव्हे, तर स्मृती शाबूत असलेल्या वृद्धांचे मेंदूही संशोधनाला तितकेच आवश्यक असतात. निरोगी नियमन कसे दिसते हे कळल्याखेरीज बिघाड ओळखता येत नाही.

उपचारांची दिशा

सध्या उपलब्ध असलेली औषधे आजार बरा करीत नाहीत. अमायलॉइड हटविणाऱ्या लेकेनेमॅब या औषधाला अमेरिकेत जुलै २०२३ मध्ये पूर्ण मान्यता मिळाली आणि डोनानेमॅबला जुलै २०२४ मध्ये. ही औषधे आरंभीच्या अवस्थेत ऱ्हासाचा वेग काही प्रमाणात कमी करतात. त्यांच्यामुळे मेंदूला सूज येण्याचा किंवा रक्तस्राव होण्याचा धोका असतो.

जनुकांचे नियमन पूर्ववत करण्याचा विचार याहून वेगळा आहे. जुलै २०२५ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथील संशोधकांनी संगणकाच्या साहाय्याने आधीच मान्यताप्राप्त असलेल्या औषधांची छाननी प्रसिद्ध केली. अल्झायमरमध्ये बदललेल्या जनुकक्रियेला उलट दिशा देऊ शकणारी औषधे शोधणे हा तिचा हेतू होता. लेट्रोझोल आणि आयरिनोटेकॅन या कर्करोगावरील दोन औषधांच्या एकत्रित वापराने उंदरांची स्मृती सुधारल्याचे त्यांनी नोंदविले. मात्र हे निष्कर्ष प्राण्यांपुरते मर्यादित आहेत. ही औषधे तीव्र दुष्परिणाम करणारी असल्याने रुग्णांनी ती स्वतःहून घेणे अत्यंत धोक्याचे आहे.

एकाच वेळी शेकडो जनुकांवर प्रभाव टाकणारे औषध नको त्या पेशीतही परिणाम घडवू शकते, ही या मार्गातील मूलभूत अडचण आहे. म्हणूनच विशिष्ट पेशीप्रकारातील विशिष्ट संवर्धकापर्यंत पोहोचण्याचे प्रयत्न सुरू आहेत.

कुटुंबांसाठी अर्थ

साठीनंतर आजार सुरू झालेल्या व्यक्तीच्या मुलांना अल्झायमर होणारच, असे म्हणता येत नाही. त्यांचा धोका सर्वसाधारण व्यक्तीपेक्षा काहीसा अधिक असतो. मात्र कुटुंबातील अनेकांना साठीपूर्वीच आजार झाला असेल, तर आनुवंशिकी समुपदेशकाचा सल्ला घेणे योग्य ठरते. एपीओईची चाचणी बाजारात उपलब्ध असली तरी तिच्यावरून कोणाचेही भवितव्य निश्चित होत नाही.

२०२४ साली लॅन्सेट आयोगाने स्मृतिभ्रंशाच्या १४ धोक्यांची यादी दिली. त्यांत अल्पशिक्षण, श्रवणदोष, उच्च रक्तदाब, मधुमेह, एलडीएल कोलेस्टेरॉल, नैराश्य, डोक्याला झालेली इजा, व्यायामाचा अभाव, धूम्रपान, अतिमद्यपान, लठ्ठपणा, एकाकीपणा, वायुप्रदूषण आणि उपचार न केलेला दृष्टिदोष यांचा समावेश आहे. हे सर्व धोके दूर करता आले, तर जगातील सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टाळता येईल किंवा लांबविता येईल, असा आयोगाचा अंदाज आहे. मुलांपाठोपाठ परक्या भाषेच्या शहरात आलेल्या वृद्धांच्या बाबतीत एकाकीपणा आणि दुर्लक्षित श्रवणदोष या दोन बाबींकडे घरच्यांनी विशेष लक्ष देणे इष्ट आहे. रक्तदाब आणि साखर यांची नियमित तपासणी करून घेणेही तितकेच महत्त्वाचे आहे.

आईवडिलांकडून मिळालेली जनुके बदलता येत नाहीत. त्यांचे वाचन मात्र आयुष्यभर चालू असते आणि ते बदलू शकते, ही गोष्ट आता पुराव्यानिशी सिद्ध झाली आहे. भारतीय मेंदूत हे वाचन नेमके कोठे आणि केव्हा चुकते, हे कळण्यासाठी श्रीनिवासपुरातील शेतकरी आणि बंगळुरूतील निवृत्त नोकरदार आज आपले रक्त, आपला वेळ आणि आपल्या स्मृतीच्या नोंदी संशोधकांना देत आहेत. हा अभ्यास पूर्णत्वास जाण्यासाठी मेंदूदानाची संमतीही तितक्याच लोकांकडून मिळावी लागेल.